अर्धी फायनल

आमच्या मैदानावर मला अजूनही काही जण ‘अर्धी फायनल’ म्हणतात. तोंडावर म्हणत नाहीत, कारण आता मी क्लबची सेक्रेटरी आहे आणि जाळ्या, बॉल, पाण्याचा पाइप ठेवायच्या खोलीची किल्ली माझ्याकडे असते. पण मी पाठ फिरवली की चहाच्या गाड्याजवळ कुणीतरी म्हणतंच, “आली बघ अर्धी फायनल.” मला ऐकू येतं. फुटबॉलमध्ये मागं, स्टॉपर म्हणून इतकी वर्षं खेळले, मागून कोण काय बोलतंय ते मला डोळे मिटूनही कळतं.

हे नाव मला ज्या दिवशी पडलं तो दिवस सांगते, म्हणजे पुढचं सगळं समजेल.

मी मूळची म्हसवडची. बारावीनंतर शिकायला मिरजेला मावशीकडे आले आणि शिक्षणापेक्षा फुटबॉल जास्त शिकले. मिरजेच्या बाहेर, उसाच्या फडांना लागून आमच्या क्लबचं मैदान आहे. तिथं माझ्या खेळण्यातली सगळ्यात मोठी मॅच झाली, मुलींची फायनल. झाली म्हणजे सुरू झाली. आधी मुलांची फायनल, मग पाहुण्यांचे सत्कार, मग उरलेल्या उजेडात आम्ही. पाहुणे पुष्कळ होते आणि प्रत्येकाच्या सत्काराला उत्तर म्हणून प्रत्येकाला दोन शब्द बोलायचे होते. आमच्याकडे ‘दोन शब्द’ म्हणजे किती, ते सांगायला नको. त्यात उत्साहाच्या भरात पंचांनाही फेटा बांधला. फेटा लगेच काढला तर देणाऱ्याचा अपमान होईल, म्हणून त्या भल्या माणसानं पहिला हाफ भगव्या फेट्यात शिट्टी वाजवत काढला. वारं सुटलं की शेमला तोंडावर यायचा आणि नेमका तेव्हाच ऑफसाइड व्हायचा.

हाफ टाइम झाला आणि समोरचा गोलपोस्ट दिसेना. पंच म्हणाले, अंधार झाला, दोन्ही संघ संयुक्त विजेते. कप एकच होता. मग बरीच वाटाघाट होऊन कप आमच्याकडे आला आणि कपाचं झाकण समोरच्या संघाच्या मुलींकडे गेलं. अजून तिकडंच आहे. पुढच्याच हंगामाआधी माझा गुडघा गेला आणि मी पुन्हा कधी फायनल खेळले नाही. त्यामुळे माझ्या नावावर जमा आहे ती अर्धीच. लोक हसतात, मीही हसते. पण त्या दुसऱ्या हाफसाठी मी हाफ टाइमला बुटाची नाडी नव्यानं बांधली होती, ते मला आठवतं आणि तेव्हा हसू येत नाही.

गुडघ्यानंतर लग्न झालं, तेही मिरजेतच, त्यामुळे मैदान काही सुटलं नाही. एक दिवस आबा घरी आले. आबा म्हणजे आमच्या क्लबचे अध्यक्ष. सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, घरचा ऊस, मिशा अजून ड्युटीवर. चहा बशीत ओतता ओतता म्हणाले, “वरनं सांगून आलंय, कमिटीत एक तरी बाई पायजे. तुजं नाव घालतो. तुला काय करायला लागनार न्हाई.”

“काय करायचं न्हाई तर कशाला येऊ आबा?”

“आगं, नावाला.”

तर मी नावाला गेले. पहिल्या वर्षी माझ्याकडे मैदानाच्या दारातली रांगोळी आणि सत्काराची ताटं हे खातं होतं. गोलसमोर बायका-पोरींचे पाय मोडेपर्यंत टॅकल करणारी मी, ताटात नारळ उभा राहावा म्हणून त्याच्या बुडाखाली तांदूळ लावत बसायची. दुसऱ्या वर्षी खेळाडूंची नोंदणी कॉम्प्युटरवर आली आणि कमिटीतल्या सगळ्या कर्त्या पुरुषांना एकाएकी शेतात कामं निघाली. ते काम मी केलं. तिसऱ्या वर्षी जुने सेक्रेटरी पोराकडे पुण्याला राहायला गेले, आणि आबांनी सभेत विचारलं, “आता कोन?” सगळ्यांनी खाली बघितलं. मी खिडकीतून मैदानाकडं बघत होते, माझंच डोकं वर होतं. तेवढ्यावर माझी निवड झाली, एकमतानं.

सेक्रेटरी झाल्यावर मला वाटलं होतं, पहिली कुऱ्हाड सत्कारांवर. तर तसं होत नसतं. मैदान कुणाच्या जिवावर उभं आहे, ते खुर्चीत बसल्यावर कळतं. जमीन आबांच्या भावकीची. रोलर एकाचा. गोलपोस्ट वेल्डिंगवाल्यानं फुकट करून दिलेले. आणि पाणी टँकरवाल्या अण्णांचं. हे अण्णा मोठे दिलदार आणि तितकेच नाजूक. एका वर्षी त्यांचं नाव माइकवर घ्यायचं राहिलं, तर आमच्या मैदानाचा पार माळ झाला. पोरी स्लाइड मारायच्या आणि धुळीतून कोण उठतंय ते कळायचं नाही. शेवटी आबा स्वतः शाल घेऊन त्यांच्या घरी गेले तेव्हा पाणी आलं.

“मानूस काय मागतंय?” आबा म्हणायचे. “एक नारळ. चार मानसांत एकदा नाव. तेवढ्यावर वरीसभर राबतंय. तेवढं बी द्यायचं न्हाई म्हंजे काय?”

त्यांचं खोटं नव्हतं. मला रागही त्याचाच यायचा. पलटणीत वेळेआधी हजर राहायला शिकलेला हा माणूस नारळ हातात आला की घड्याळ विसरायचा.

गेल्या वर्षी संक्रांतीच्या सुमाराला हा प्रश्न गळ्याशी आला. कारण होती एक पोरगी.

ती कवठे महांकाळच्या बाजूची. रोज एसटीनं मिरजेला सरावाला यायची, लेफ्ट बॅक खेळायची. अंगानं काटकुळी, पण आवाज असा की शेजारच्या फडातले ऊसतोड कामगार कोयता थांबवून बघायचे. बॉल तिच्या अंगावर आला की “मी आलो! मी आलो!” असं ओरडत सुटायची. आमच्याकडच्या पोरी स्वतःबद्दल ‘आलो, गेलो’ असंच बोलतात, त्यात काही विशेष नाही, पण ती बोलली की समोरची फॉरवर्ड खरोखर बाजूला व्हायची. मी इतक्या पोरी बघितल्या, मागं खेळणारी इतकी चांगली पोरगी बघितली नाही. स्वतःला धरून सांगते, आणि स्वतःबद्दल माझं मत फार चांगलं आहे.

तिला राज्याच्या ज्युनिअर संघाच्या शिबिरात जायचं होतं. आदल्या वर्षी निवड समितीच्या बाई आल्या होत्या. सत्कार झाले, भाषणं झाली, एक हाफ झाला आणि अंधार. त्या हाफमध्ये सगळा खेळ दुसऱ्या टोकाला होता, हिच्याकडे बॉल आलाच नाही. ती आपली रेघेजवळ उभी राहून ‘मी आलो’ म्हणायची वाट बघत राहिली. बाई वहीत काय लिहिणार? आता तिचं शेवटचं वर्ष होतं, पुढच्या वर्षी ती वयात बसणार नव्हती. बाई पुन्हा यायला तयार झाल्या, पण फोनवर स्पष्ट म्हणाल्या, “सहाच्या आत मी मैदानातून निघणार. मिरजेहून गाडी आहे. पूर्ण मॅच दाखवणार असाल तरच बोलवा.”

मी छातीठोक ‘दाखवते’ म्हणाले आणि फोन ठेवून तशीच आबांकडं गेले.

मुलांची फायनल आदल्या दिवशी घ्यायची, एवढं मी भांडून पदरात पाडून घेतलं. पण पुढं आबा हलेनात.

“सत्काराबिगर शिट्टी न्हाई,” ते म्हणाले.

“आवं आबा, मग मॅचनंतर करू की सत्कार.”

“मॅचनंतर पावनं थांबत्यात व्हय? जनावरांच्या धारा काडायच्या असत्यात मानसांना.”

“मग बोलायचं तरी न्हाई कुनी.”

“तू सांग अण्णांना, बोलू नगा म्हनून. मी न्हाई सांगत. मी पाकिस्तानच्या बॉर्डरवर ऱ्हायलोय, पर एवढं धाडस माज्यात न्हाई.”

मी घरी आले ती भांडी आपटतच. घरी आई आली होती, म्हसवडहून, माझ्या हळदी-कुंकवासाठी. मी इतक्या रागात होते की बायकांना बोलावलंय हेच विसरले होते. साडी नेसून होईपर्यंत बैठकीत बायका मावेनात. मी म्हटलं, आता हे उरकता उरकत नाही.

आणि मग मी आईकडं बघत राहिले. आईनं कुणाला उठवलं नाही, कुणाचं नाव पुकारलं नाही. एका टोकाला सुरू केलं. हळद, कुंकू, तिळगूळ, हातात वाण, ओटीत मूठभर तांदूळ, एक शब्द बोलायचा, पुढची. तिच्या मागून शेजारीण अत्तर लावत आली. बायका बसल्या जागी मान पुढं करत होत्या, पदर पसरत होत्या आणि गप्पाही थांबल्या नव्हत्या. माझा चहा उकळेपर्यंत ओळ संपली. पहिल्या उठल्या, दुसऱ्या येऊन बसल्या. कुणी रुसलं नाही, कारण हात सगळ्यांपर्यंत पोचला होता.

“आई,” मी म्हटलं, “एवढ्या बाया एवढ्यात कशा गं आटपल्या?”

“बाया काय रिकाम्या असत्यात व्हय?” आई म्हणाली. “अजून चार घरं करायची असत्यात. गड्यांसारकं बसून चालतंय का?”

मी आईला तिथंच सांगितलं, “फायनल होईपर्यंत म्हसवडला जायचं नाही. आणि त्या दिवशीची ताटं तू करायचीस.”

आबांना मी एवढंच म्हटलं, “सत्कार हुनार. एक बी नारळ कमी न्हाई.” ते खूश झाले. कसा होणार, हे त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

फायनलच्या दिवशी मी रेघेच्या कडेनं खुर्च्यांची एकच लांब ओळ लावली. स्टेज नाही. माइक एकटा, गोलपोस्टच्या मागं. पाहुणे आले तसे बसत गेले, टँकरवाले अण्णा मधोमध. निवड समितीच्या बाई ओळीच्या टोकाला, पायाशी बॅग घेऊन. दोन्ही संघांच्या पोरी जर्सीत, बूट चढवून, हातात ताटं घेऊन तयार. मी त्यांना सांगितलं होतं, शाल घालायची, नारळ द्यायचा, नमस्कार करायचा, पुढं. त्याच वेळी माइकवरून एकेकाचं नाव मी घेणार.

आबा माझ्याकडून माइक घ्यायला निघाले होते. मी पोरींना खूण केली.

आता माझी चूक अशी, की आई जन्मात कधी सत्काराला गेलेली नाही, हे माझ्या लक्षातच आलं नाही. ‘ताटं कर’ म्हटल्यावर तिला एकच प्रकारचं ताट माहीत. तिनं प्रत्येक ताटात हळद-कुंकू ठेवलं होतं, तांदूळ, हळकुंड, सुपारी आणि नारळ. सगळं ओटीचं सामान. आणि पोरी घरोघरच्या. ताटात ओटीचं सामान दिसल्यावर त्यांचे हात आपोआप चालतात. पहिल्यांदा ते कळलं नाही, पुरुषांना कुंकू काही नवीन नाही. पण आमची लेफ्ट बॅक टँकरवाल्या अण्णांसमोर गेली. तिनं शाल घातली, कुंकू लावलं, हळदही लावली, ओंजळीत तांदूळ आणि नारळ घेतला आणि आपल्या त्या आवाजात म्हणाली, “धरा.”

आणि अण्णांनी धरलं. काय होतंय हे कळायच्या आत त्यांनी खांद्यावरच्या शालीचं टोक दोन्ही हातांनी पुढं पसरलं आणि तिनं त्यांची ओटी भरली.

मग कुठूनतरी एक शिट्टी आली आणि हसण्याचा लोट उठला. अण्णांचा चेहरा लाल झाला. मला समोर पुढचं सगळं वर्ष दिसलं, धूळ, धूळ आणि धूळ. पोरगी जागेवर थिजली होती. अण्णा खुर्चीचे हात धरून उठायला लागले. ते उठून गेले असते तर त्यांच्या मागं आणखी चार उठले असते, मग मनधरणी, मग भाषणं, आणि बाई गाडीला. माझ्या हातात माइक होता आणि मी गोंधळून अण्णांचंच नाव पुन्हा घेतलं.

आबा चालत आले. मला वाटलं, आता मला सगळ्यांसमोर झापणार. ते अण्णांच्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीत बसले, ताठ, परेडला उभं राहावं तसे. खांद्यावरची शाल काढली, मांडीवर पसरली आणि त्या पोरीला म्हणाले, “माजी बी भर गं. हयात गेली, आमची कुनी भरली न्हाई. नुसतं बायकांचीच भरायची व्हय?”

तिनं भरली. घाईत तांदूळ थोडे खाली सांडले. आबांनी ते वाकून वेचले, शालीत टाकले आणि अण्णांकडं बघून म्हणाले, “बसा अण्णा. जड हाय, पडंल.”

अण्णा बसले. मांडीवरच्या नारळाकडं बघत राहिले. आधी मिशीतल्या मिशीत हसले, मग पोट हलायला लागलं. “घरात आता काय सांगू गड्या मी?” म्हणाले. मग पुढच्या खुर्चीतला शाल पसरून तयारच बसला, त्याच्या पुढचाही. रोलरवाले, वेल्डिंगवाले, सगळे पदर धरून. माइकवर मी नावं घेत गेले, पण ऐकत कुणीच नव्हतं. आईची चार घरं जितक्या वेळात होतात, त्याच्या आत आमची ओळ संपली. आबा माइककडं आलेच नाहीत. त्यांनी पंचांकडं बघून नुसता हात वर केला आणि शिट्टी झाली.

मॅच मी नीट बघितली नाही. मी सावल्या बघत होते. गोलपोस्टची सावली कुठवर आली, एवढंच. हाफ टाइमला मी उगीचच खाली वाकून चपलेचा पट्टा घट्ट केला. मग पोरी परत मैदानात उतरल्या, आणि फडावर अजून ऊन होतं.

आमची लेफ्ट बॅक पहिल्या हाफच्या सुरुवातीलाच चुकली होती. ओटीच्या गोंधळानं बिचकलेली होती, एक बॉल सरळ समोरच्यांच्या पायात दिला आणि आमच्यावर गोल झाला. मी मनात तिला असे शब्द वापरले जे सेक्रेटरीच्या तोंडी शोभत नाहीत. नंतर मात्र सगळा खेळ आमच्याच गोलवर आला आणि मैदानभर एकच आवाज ऐकू यायला लागला. “मी आलो! मी आलो!” आली आणि बॉल काढला. पुन्हा आली, पुन्हा काढला. एकदा तर गोलकीपर आडवी पडलेली असताना रेघेवरून काढला आणि उठताना तोंडातली माती थुंकून ओरडली, “हाय मी, हाय!”

बाईंनी मला विचारलं, “ही मुलगी ‘आलो’ का म्हणते?”

“येते म्हणून,” मी म्हटलं.

त्यांनी घड्याळाकडं बघितलं, बॅग खांद्याला लावली आणि उभ्या राहिल्या. पण त्या उभ्यानंच बघत राहिल्या, पार शेवटच्या शिट्टीपर्यंत. मॅच आम्ही एका गोलनं हरलो. ह्या खेपेला कप गेला, झाकणासकट, आणि मला त्याचं तसूभरही वाईट वाटलं नाही. रिक्षात बसताना बाईंच्या मांडीवर आमचा नारळ होता. “तिला शिबिराला पाठवा,” त्या म्हणाल्या. “आणि सांगा, ओरडणं सोडायचं नाही.” रिक्षा स्टेशनकडं वळली. मी पोरीला सांगायला गेले तर ती रडतच होती, हरली म्हणून. मग ती दुसऱ्या कारणासाठी रडली.

पाहुणे धारा काढायला गेले. आई रिकामी ताटं गोळा करत होती आणि लोक का हसले हे मला तिसऱ्यांदा विचारत होती. ऊन फडाच्या शेंड्यावर आलं होतं, पण होतं. मी रेघेवर एकटीच उभी होते. समोरचा गोलपोस्ट लख्ख दिसत होता.

आबा आले. हातात एक नारळ होता, उरलेला. इकडं तिकडं बघितलं, घसा खाकरला.

“मला ह्यातलं काय येत न्हाई गं,” म्हणाले. “तांदूळ बी संपल्यात. पदर धर.”

मी पदर पसरला. त्यांनी दोन्ही हातांनी नारळ त्यात ठेवला, सॅल्यूट करावा तसे क्षणभर ताठ उभे राहिले आणि म्हणाले, “झाली बघ तुजी पुरी.”